मार खाणाऱ्या बाईसाठी दार कोणी उघडले?

कोणत्याही समाजाची प्रगती त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे बाबासाहेबांचे मत आपल्या प्रत्येक जयंतीच्या फलकावर असते. भाषणात ते आले की टाळ्या पडतात. पण त्याच वस्तीत रात्री अकरा वाजता एखाद्या घरातून भांडी आपटल्याचा आणि बाईच्या ओरडण्याचा आवाज येतो, तेव्हा शेजारची दारे बंद होतात. "नवराबायकोचे भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडायचे?" असे म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला जातो. ती बाई उंबऱ्याबाहेर पडली, तर कुठे जाणार? माहेर गरीब आहे. पोलीस चौकीत जायची भीती वाटते. बुद्धविहाराला कुलूप आहे.

हा प्रश्न नवा नाही. महाराष्ट्रात तो किमान दीडशे वर्षे जुना आहे, आणि त्याचे पहिले ठोस उत्तर आपल्याच परंपरेने दिले. तो इतिहास आपण नीट वाचला, तर एक गोष्ट स्वच्छ दिसते. हक्क कायद्यात लिहिला जातो, पण पीडित बाईला त्या हक्कापर्यंत पोहोचायला दार लागते, आणि ते दार कोणीतरी माणसाने उघडावे लागते. आपल्याकडे कायदे आले, दारे कमी पडली. जी आहेत, त्यांचा पत्ता आपल्या बायकांना कोणी सांगितला नाही.

१८६३: उपदेशाच्या आधी जागा

त्या काळी ब्राह्मण घरांतील बालविधवांचे हाल सर्वांना माहीत होते. घरातल्याच किंवा नात्यातल्या पुरुषाकडून दिवस जायचे. मग गर्भपात, विहीर किंवा बाळाचा गळा, एवढेच मार्ग उरायचे. पुरुष नामानिराळा राहायचा आणि बाई फासावर किंवा काळ्या पाण्यावर जायची.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी कसे वागावे यावर व्याख्यान देत बसण्यापेक्षा त्यांनी आपल्या घराचे दार उघडले. गुपचूप येऊन सुरक्षित बाळंत व्हा, मूल न्यायचे तर न्या, ठेवायचे तर ठेवा, अशी सोय केली आणि ती लोकांना कळावी म्हणून शहरात जाहीरही केली. बेहरामजी मलबारींच्या टिपणावर १८८४ मध्ये मत देताना जोतीरावांनी नोंदवले आहे की तोपर्यंत पस्तीस गरोदर विधवा तिथे आल्या होत्या. तिथेच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला या जोडप्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

या कामात आजही शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. आलेल्या बाईला तिच्या चारित्र्याबद्दल प्रश्न विचारले गेले नाहीत. तिची गुप्तता राखली गेली. आणि पुढे काय करायचे, मूल ठेवायचे की न्यायचे, हा निर्णय तिचा राहिला. आजच्या कोणत्याही चांगल्या मदत केंद्राचे नियम काढून पाहा, हेच तीन नियम सापडतील. शूद्र माळी जोडप्याने ते शतकाहून अधिक आधी पाळले, आणि तेही आपल्याला वाळीत टाकणाऱ्या जातीच्या बायकांसाठी.

सुरतेत विजयलक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपल्या अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. त्यावर वर्तमानपत्रांत समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतले गेले. त्याचा संताप येऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. सत्यशोधकांपैकीही काहींना ते पुस्तक झोंबले. जोतीरावांनी मात्र 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. आपल्याच चळवळीतल्या पुरुषांना न आवडणारे बोलणाऱ्या बाईच्या पाठीशी नेत्याने उभे राहावे, हा धडाही तिथूनच येतो.

'नांदायला ये' म्हणणारे न्यायालय

मराठीत 'नांदणे' हा गोड शब्द आहे. पण कोर्टाच्या दारात तो शब्द किती जड होतो, हे रखमाबाईंना विचारा. सुतार समाजातल्या या मुलीचे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लावले गेले. मोठी झाल्यावर तिने नांदायला जायला नकार दिला. दादाजींनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पसंत असल्याचे कळवले. टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'ने तिच्याविरुद्ध लेखणी चालवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

रखमाबाईंना सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचा आधार होता, म्हणून त्या लढू शकल्या. ज्या बाईला असा आधार नाही, तिचे काय? 'नांदायला ये' असा दावा लावण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मारामुळे माहेरी आलेल्या बाईला नवऱ्याच्या वकिलाची पहिली नोटीस येते, ती बहुधा याच कलमाखाली. तिला ती नोटीस पाहून धडकी भरते. तिला कोणीतरी सांगायला हवे की ही नोटीस म्हणजे अटक नव्हे, आणि छळ हे वेगळे राहण्याचे पुरेसे कारण आहे.

आपल्या वस्तीतला खोडा

इथे आपल्यातले काही मित्र म्हणतील की हे सगळे सवर्णांचे रोग आहेत. आपल्याकडे काडीमोड होता, पाट होता, विधवा पुन्हा लग्न करू शकत होती. हे खरे आहे. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत बाबासाहेबांनी याच मुद्द्यावर विरोधकांना गप्प केले होते. बहुसंख्य शूद्र जातींत घटस्फोट रूढ आहे, मग मूठभर वरच्या जातींचा नियम सगळ्यांवर का लादता, असा त्यांचा सवाल होता.

पण काडीमोड पंचांच्या हातात होता आणि पंच सगळे पुरुष होते. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचा. सासरच्या जाचातून पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवला जायचा, नाक कापण्यापर्यंत मजल जायची, हे त्यांनी महारवाड्यातून पाहिलेले वास्तव म्हणून लिहून ठेवले आहे. आपले लिखाण बेबीताईंनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले, आणि नवऱ्याच्या संशयाबद्दल व मारहाणीबद्दल त्या पुढे मुलाखतीत उघडपणे बोलल्या. बाबासाहेबांवर जीव ओवाळून टाकणाऱ्या लेखिकेची ही गोष्ट आहे. तिला खोटे ठरवायची हिंमत कोणात आहे?

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जात टिकते ती बाईवरच्या ताब्यामुळे. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही जात राखण्याची हत्यारे आहेत, हे त्यांनी तिथे मांडले. म्हणजे बाईवर हात उचलणारा आंबेडकरी पुरुष 'घरातली बाब' करत नसतो. ज्या व्यवस्थेविरुद्ध तो मोर्चात घोषणा देतो, तिचेच काम तो घरी फुकट करत असतो.

नागपूर १९४२: मागणी बायकांनी केली

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बायका आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होऊ नये.

हे भाषण आपल्याला पाठ असते. त्या परिषदेचे ठराव मात्र आपण विसरतो. बायकोला नवऱ्यापासून कायद्याने काडीमोड घेण्याचा हक्क मिळावा आणि बहुपत्नीत्वाला बंदी व्हावी, हे त्या ठरावांत होते. गिरणी आणि विडी कामगार बायकांच्या रजेच्या व भरपाईच्या मागण्याही त्याच सभेत आल्या. घटस्फोट आणि मजुरी यांचा संबंध त्या निरक्षर म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना नेमका कळला होता. हातात पैसा नसेल, तर मारणाऱ्याचे घर सोडता येत नाही.

यानंतरची कायद्याची वाटचाल संथ आहे. १९४६ च्या एका कायद्याने क्रूरपणे वागणाऱ्या नवऱ्यापासून वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क हिंदू विवाहितेला मिळाला. मुंबई प्रांतात १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल सनातन्यांनी रोखून धरले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे ते तुकड्यातुकड्याने मंजूर झाले. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे थेट घटस्फोटाचे कारण नव्हते, फक्त न्यायालयीन फारकतीचे होते. ते घटस्फोटाचे कारण झाले १९७६ च्या दुरुस्तीने. नागपूरच्या ठरावापासून चौतीस वर्षे गेली.

ऐंशीचे दशक आणि नंतर

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला आणि त्याचा खटला झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले आणि पुढे देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्याच लाटेत हुंडाबळी आणि घरातल्या छळाचा प्रश्न चव्हाट्यावर आला. पुण्यात नारी समता मंचाचे 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गाजले. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ आले. आता तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे.

आपल्या दृष्टीने १९८४ मधली एक घटना अधिक महत्त्वाची आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत पोलीस नसलेली, प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसली. बाईचे ऐकून घ्यायला, तिला काय हवे ते विचारायला, आणि गुन्हा नोंदवायचा झाला तर सोबत उभे राहायला. पुढे राज्य सरकारच्या मदतीने हे कक्ष इतर जिल्ह्यांत गेले. २००० मध्ये मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. मार खाल्लेली बाई पोलिसात जात नाही, पण जखम शिवायला दवाखान्यात जातेच, ही साधी गोष्ट त्यामागे होती. १८६३ च्या घराचेच हे वंशज आहेत.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याने पहिल्यांदा मान्य केले की बाईला दर वेळी नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नसते. तिला मार थांबायला हवा असतो, डोक्यावर छप्पर हवे असते, मुले हवी असतात, खर्चाला पैसे हवे असतात. हे सगळे एकाच अर्जात मागता येते. घर कोणाच्याही नावावर असो, सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घर सासूसासऱ्यांचे असले तरी तो हक्क लागू होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे, लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीसाठीही आहे, आणि आई, बहीण, मुलगी यांनाही तो वापरता येतो.

आंतरजातीय लग्न केलेल्या आपल्या मुलींसाठी यात एक खास गोष्ट आहे. सासरी घरातल्या घरात जातीवरून टोमणे मारले, तर ते लोकांसमोर घडलेले नसल्याने त्या अपमानासाठी ॲट्रॉसिटीचे कलम लावताना अडचण येते. पण अपमान, हिणवणे, नावे ठेवणे हा २००५ च्या कायद्यात 'शाब्दिक आणि भावनिक छळ' आहे. जातीवरून बोलणेही त्यात बसते. अर्जात तसे स्पष्ट लिहायला सांगा.

आज दारे कुठे आहेत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांनी मदत मागितली. ७७ टक्क्यांनी कोणाला सांगितलेही नाही. कायदा होऊन पंधरा वर्षे झाल्यानंतरचे हे चित्र आहे. म्हणून हे पाठ करा, आणि दुसऱ्याला सांगा:

- तातडीचा धोका असेल तर ११२. महिलांसाठीची मदतवाहिनी १८१.
- 'सखी' वन स्टॉप सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तिथे समुपदेशन, वैद्यकीय, पोलीस आणि कायदेशीर मदत एकत्र मिळते, आणि काही दिवस राहण्याची सोय असते. त्यापुढे जास्त काळासाठी शक्ती सदनासारखी निवारागृहे आहेत.
- संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचा असतो. अर्ज भरून देणे, घटना अहवाल करणे, निवारा आणि दवाखाना मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. तो भेटला नाही तरी बाई थेट दंडाधिकाऱ्याकडे कलम १२ खाली अर्ज करू शकते. माहेरी किंवा तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायालयातही करू शकते.
- मोफत वकील जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे मिळतो. १९८७ च्या कायद्याने कोणतीही स्त्री, आणि अनुसूचित जाती-जमातीची कोणतीही व्यक्ती, उत्पन्न कितीही असो, त्याला पात्र आहे. मदतवाहिनी १५१००.
- दवाखान्यात 'पाय घसरून पडले' असे सांगू नये. कोणी, कशाने मारले ते केस पेपरवर लिहून घ्यावे. पुढे तोच कागद सगळ्यात जास्त बोलतो.
- संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

ही व्यवस्था कागदावर चांगली दिसते. प्रत्यक्षात संरक्षण अधिकाऱ्यांची पदे रिकामी असतात, किंवा दुसरेच काम असलेल्या अधिकाऱ्यावर हा भार टाकलेला असतो. कायद्याला जवळपास वीस वर्षे झाल्यावर, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना आदेश द्यावा लागला की जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा. पहिली सुनावणी तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. आपल्या तालुक्यात काय होते, हे माहितीच्या अधिकारात विचारणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. शिष्यवृत्तीच्या थकबाकीवर आपण मोर्चे काढतो. संरक्षण अधिकाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवर किती काढले?

दोन सबबी

पहिली सबब अशी की पोलीस जातीयवादी आहेत, त्यांच्या हातात आपला माणूस कसा द्यायचा? ही भीती खोटी नाही. आपल्या पोरांना कोठडीत काय सोसावे लागते, ते आपण पाहिले आहे. पण या भीतीची किंमत फक्त बाईने का मोजावी? २००५ चा कायदा दिवाणी स्वरूपाचे आदेश देतो. त्यात नवऱ्याला अटक न करता मार थांबवण्याचा मार्ग आहे. आणि चौकीत जावेच लागले, तर तिच्यासोबत दोन कार्यकर्ते गेले की हवालदाराची भाषा बदलते. पोलिसांवर विश्वास नसेल तर तिला एकटी पाठवू नका. तिला गप्प बसवणे हा त्यावरचा उपाय नाही.

दुसरी सबब, चळवळीची बदनामी होईल. अनुसूचित जातीच्या स्त्रियांवरील घरगुती हिंसेचे प्रमाण सवर्ण स्त्रियांपेक्षा जास्त असल्याचे सर्वेक्षणे दाखवतात, आणि त्यावरून 'दलित पुरुषच तसले' म्हणणारे टपलेलेच असतात. त्यांना उत्तर द्यायचेच. भूमिहीनता, कंत्राटी मजुरी, दाटीची घरे, दारूचे गुत्ते नेमके आपल्याच वस्त्यांत, हे सगळे सांगायचे. पण हे उत्तर त्यांना द्यायचे आहे. डोळा सुजलेल्या बाईला ते ऐकवायचे नसते. कारणे समजावून सांगितली म्हणून मार कमी लागत नाही.

याला जोडूनच एक जुनी खोड आहे, बैठक बसवून मिटवामिटवी करण्याची. चार मोठी माणसे जमतात, नवऱ्याला दटावतात, बाईला 'संसार टिकव' म्हणतात, आणि तिला त्याच घरात परत पाठवतात. जुन्या पंचांची ही नवी आवृत्ती आहे. समेट करायचा की नाही, हे फक्त तिने ठरवायचे, आणि तेही सुरक्षित जागी बसून.

आपण काय करायचे?

वस्तीतल्या प्रत्येक बुद्धविहाराच्या, वाचनालयाच्या आणि मंडळाच्या फलकावर वरचे क्रमांक आणि आपल्या जिल्ह्यातील सखी केंद्राचा, संरक्षण अधिकाऱ्याचा, विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहा. विहाराची एक किल्ली विश्वासातल्या बाईकडे ठेवा. दोन-तीन तरुणींनी आणि तरुणांनी अर्ज कसा भरतात ते विधी सेवा प्राधिकरणातून शिकून घ्या. तिची कागदपत्रे, म्हणजे आधार, जातीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे पुस्तक, यांच्या प्रती बाहेर सुरक्षित ठेवायला मदत करा. आणि बायकोला मारणारा पदाधिकारी असेल, तर त्याला व्यासपीठावरून खाली उतरवा. तो कितीही चांगला वक्ता असला तरी.

२५ डिसेंबरला आपण मनुस्मृती दहनाचा दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून साजरा करतो. बाईला मारण्याचा अधिकार सांगणारे पुस्तक महाडला जाळले गेले. तो अधिकार ज्यांच्या हातात अजून शिल्लक आहे, ते हात आपल्याच गल्लीत आहेत. जोतीराव-सावित्रीबाईंकडे १८६३ मध्ये कायदा नव्हता, अनुदान नव्हते, मदतवाहिनी नव्हती. होते ते एक घर, आणि ते त्यांनी उघडे ठेवले. आपल्याकडे आज कायदाही आहे आणि विहारही आहेत. या आठवड्यात आपल्या विहाराच्या समितीची बैठक लावा आणि एकच विषय ठेवा: रात्री अकरा वाजता आलेल्या बाईला दार कोण उघडणार?

जय भीम! जय सावित्री!